चौसष्ट घरे आणि पासष्टावे घर

आपल्याकडे बुद्धिबळाच्या पटावर बत्तीस मोहरी मांडतात. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडे आणि प्यादी. एवढ्या लवाजम्यात बाई म्हणून एकही नाही. इंग्रजीत ज्या मोहऱ्याला राणी म्हणतात त्याला आपण वजीर म्हणतो. भारतातल्या जुन्या चतुरंगात राणी नव्हतीच, राजाच्या शेजारी मंत्री असे. राणी पटावर आली ती हा खेळ युरोपात पोचल्यावर. मराठीने जुनी रीत सोडली नाही. त्याबद्दल माझे भांडण नाही, 'वजीर' हा शब्द मला आवडतो. पण आमच्या बुटीबोरीत पटाच्या भोवतीही बाई दिसत नाही. एम.आय.डी.सी.तली पाळी सुटली की चहाच्या टपरीमागे डाव मांडले जातात, रविवारी देवळाच्या पारावर मांडले जातात. खेळणारे दोन आणि चाली सुचवणारे आठ. त्या दहांत मुलगी बसलेली मी आजवर पाहिली नाही.

अशा या गावापासून वर्धा रोडने सरळ गेले की सुमारे तीस किलोमीटरवर नागपूर लागते आणि त्या नागपुरातल्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जिया देशातल्या बाटुमी शहरात महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. शंभरावर खेळाडू होत्या. मानांकनात दिव्या पंधरावी. तिने चीनच्या झू जिनेरला हरवले, आपल्याच हरिका द्रोणवल्लीला हरवले, माजी जगज्जेती तान झोंगयी हिलाही हरवले. अंतिम फेरीत समोर होती कोनेरू हंपी. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले, जलद डावांतला पहिलाही बरोबरीत, आणि दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन दिव्या जिंकली. त्याच क्षणी ती ग्रँडमास्टर झाली. भारताची अठ्ठ्याऐंशीवी, आणि त्या अठ्ठ्याऐंशींत बाई म्हणून केवळ चौथी. दिव्या तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आज मी तेवढ्याच वयाची आहे, म्हणून हा लेख लिहावासा वाटला.

त्या दिवसांत आमच्याकडे दोन प्रकारची बोलणी ऐकू येत होती. एक प्रकार कौतुकाचा. "पोरीसुद्धा काही कमी नाहीत." या 'सुद्धा'मध्ये जे दडले आहे ते बोलणाऱ्यांच्या ध्यानात येत नसावे. दुसरा प्रकार नाक मुरडण्याचा. "डॉक्टरांची पोरगी आहे, तिले काय कमी?" दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर आहेत हे खरेच. पण नागपुरात डॉक्टर थोडे का आहेत? त्यांच्या घरोघरी ग्रँडमास्टर जन्मल्याचे ऐकिवात नाही. पैशाने प्रशिक्षक मिळतो, विमानाचे तिकीट मिळते, पण समोरच्याचा राजा मारता येत नाही. पहिले बोलणारे मुलीच्या डोक्याकडे पाहतात, दुसरे तिच्या बापाच्या खिशाकडे. मला वाटते, दोघांचेही लक्ष एका साध्या गोष्टीवरून निसटते. बुद्धिबळाला बुद्धी लागते, पैसाही लागतो; पण त्या दोहोंच्या आधी लागते ती बैठक.

बैठक म्हणजे काय ते खेळ न जाणणाऱ्यांसाठी सांगते. मोठ्या स्पर्धेतला एक डाव चार-चार, पाच-पाच तास चालतो. असे नऊ किंवा अकरा डाव, बहुधा रोज एक. आणि तो एक डाव खेळता यावा म्हणून घरी बसून शेकडो डाव पुन्हा पुन्हा मांडून पाहायचे, कोणती चाल कुठे चुकली ते शोधायचे. यात मध्येच उठले की सूत तुटते. शिवणकाम मध्ये सोडून पुन्हा धरता येते, भाजी चिरणे सोडून पुन्हा धरता येते. पाच चालींपुढचा विचार मध्ये सोडला तर तो पुन्हा पहिल्या चालीपासून करावा लागतो. स्पर्धेत दोघींच्या मध्ये घड्याळ असते, दोघींना वेळ सारखा मिळतो. मिनिटा-सेकंदाचाही पक्षपात नाही. पटावर येईपर्यंत मात्र कोणाला किती वेळ मिळाला हे मोजणारे घड्याळ अजून निघाले नाही.

मी एकदा मोजून पाहिले. दिवाळीच्या सुटीत दादा आणि मी पुठ्ठ्याच्या पटावर एक डाव खेळलो. तो डाव संपेपर्यंत मला सात वेळा उठावे लागले. नळ आले म्हणून एकदा, दळण आणायला एकदा, पाहुण्यांना पाणी द्यायला एकदा, दूध उतू जाते का पाहायला दोनदा, आणि उरलेल्या दोन वेळांना काय काम होते ते आता आठवतही नाही. दादा एकदाच उठला, तेही स्वतःच्या मर्जीने. माझी माय वाईट आहे असे कोणी समजू नये. ती सकाळी पाचपासून उभीच असते. तिला कोणी कधी बसू दिले नाही, मग मुलीला बसू द्यावे हे तिला सुचणार कुठून? "काय करून राह्यली वं बसल्या बसल्या?" या तिच्या प्रश्नात राग नसतो. पोरगी बसलेली दिसली म्हणजे ती काही करत नाही, एवढाच हिशेब तिला शिकवला गेला आहे. मुलगा बसलेला दिसला तर तो अभ्यास करत असतो, विचार करत असतो, नाहीतर दमलेला असतो.

शाळेत असताना एका स्पर्धेला गेले होते. माझ्या शेजारच्या पटावर दोन मुली खेळत होत्या. त्यांतल्या एकीजवळ एक हत्ती जादा होता आणि डाव तिच्या बाजूने उघडउघड झुकला होता. तेवढ्यात दारात तिचे वडील आले. गावाला जाणारी शेवटची एस.टी. निघायला थोडाच वेळ उरला होता. मुलीने दाराकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि समोरचीला विचारले, "बरोबरी करतेस का?" समोरची आनंदाने हो म्हणाली. निकालाच्या कागदावर दोघींपुढे अर्धा-अर्धा गुण लागला. तो कागद पुढे कोणी वाचला असेल तर त्याला वाटले असेल, दोघी तुल्यबळ होत्या. मुलींच्या खेळाविषयी जी मते तयार होतात त्यांतली किती मते अशा कागदांवरून तयार झाली असतील, असा विचार तेव्हापासून माझ्या मनात येतो. त्या वडिलांना तरी काय म्हणावे? ते बिचारे मुलीला आणायला आले होते, पुष्कळांचे येतही नाहीत.

महाराष्ट्रात ज्या मुली या खेळात पुढे आल्या, त्यांच्या कथा या दृष्टीने वाचल्या तर फार उद्बोधक आहेत. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली सुरू झाली आणि पहिलीच स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पुढे त्यांच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी. सुरुवातीची जवळजवळ दहा वर्षे हे अजिंक्यपद एका घराबाहेर गेले नाही! वडील 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर. एका घरात तीन बहिणी आणि तिघीही राष्ट्रीय विजेत्या, हा रक्ताचा चमत्कार म्हणून सोडून देता येईल. मला तसे वाटत नाही. ज्या घरात एक मुलगी पटापुढे बसली तर दुसरी तिच्यासमोर बसते, तिसरी बाजूला बसून पाहते, आणि "उठा आता" असे कोणी म्हणत नाही, त्या घरात हे होणारच. हंगेरीतल्या पोल्गार बहिणींचेही तेच. तिघी बहिणी, बापाने त्यांना शाळेत न घालता घरीच शिकवले आणि बुद्धिबळाला बसवले. धाकटी यूदित १९९१ साली पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, बॉबी फिशरचा विक्रम तिने मोडला. पुढे २००२ साली मॉस्कोत तिने गॅरी कास्पारोव्हला हरवले. बायकांना हा खेळ झेपत नाही अशा आशयाचे हेच कास्पारोव्ह महाशय पूर्वी बोलून गेले होते!

रोहिणी खाडिलकरांची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आमच्या पिढीला ती ठाऊकच नाही. १९७६ साली, तेरा वर्षांच्या असताना, त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या. तोवर भारतात कोणी स्त्री तिथे खेळली नव्हती. गदारोळ उठला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल रोहिणींच्या बाजूने लागला. शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावे लागले की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना अडवता येणार नाही. क्षणभर डोळ्यांपुढे आणा. तेरा वर्षांची मुलगी. तिच्या हातात ना तलवार ना मोर्चाचा फलक. तिला फक्त एका खुर्चीवर बसून खेळायचे होते. त्या खुर्चीसाठी कोर्टकचेरी करावी लागली. पुढे रोहिणींनी पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, १९८१ साली आशियाई विजेतेपद मिळवले, आणि नंतर वडिलांच्याच व्यवसायात जाऊन 'संध्याकाळ' या सायंदैनिकाच्या संपादक झाल्या. आमच्या बुटीबोरीच्या पारावर हे नाव घेतले तर कोणाला आठवेल की नाही, मला शंका आहे.

त्यांच्यानंतरच्या दोघींची नावे अनुपमा अभ्यंकर आणि भाग्यश्री साठे. दोघींनाही पद्मश्री मिळाली. अनुपमाताईंना १९८६ साली ती मिळाली तेव्हा त्या आजच्या अकरावी-बारावीच्या मुलींएवढ्या होत्या. पण मला लक्षात राहिली ती वेगळीच गोष्ट. अनुपमा अभ्यंकर पुढे गोखले झाल्या, भाग्यश्री साठे ठिपसे झाल्या. रघुनंदन गोखले आणि प्रवीण ठिपसे हे दोघेही बुद्धिबळातलेच. गोखले हे द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरी, ठिपसे ग्रँडमास्टर. यात योगायोग किती आणि मनाजोगता जोडीदार मिळणे किती, ते त्यांचे त्यांना ठाऊक. मला एवढेच दिसते की या घरांत बायको पाच तास एका जागी का बसली आहे हे नवऱ्याला समजावून सांगावे लागले नसेल. भाग्यश्रीताई लग्नानंतरही राष्ट्रीय स्पर्धा जिंकत राहिल्या, १९९१ साली आशियाई विजेत्या झाल्या. ज्यांना असे घर मिळाले नाही त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत. माहीत असण्याचे कारणही नाही. कारण विक्रमांच्या पुस्तकात न झालेल्या गोष्टींसाठी पान नसते.

बाटुमीच्या अंतिम फेरीचाच विचार करा. दिव्यासमोर बसलेली हंपी अडतीस वर्षांची, एका मुलीची आई. तिच्या वडिलांनी तिला शिकवण्यासाठी नोकरी सोडली होती. २००२ साली, पंधराव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. भारतातली पहिली स्त्री. मूल झाले तेव्हा ती काही काळ खेळापासून दूर राहिली, परत आली, आणि २०१९ साली व पुन्हा २०२४ साली जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली. हरिकाची कथा तर अंगावर काटा आणते. २०२२ साली चेन्नईजवळ मामल्लपुरमला ऑलिंपियाड झाले तेव्हा तिला नववा महिना लागला होता. त्या अवस्थेत ती पटापुढे बसली आणि भारतीय महिला संघाने कांस्यपदक मिळवले. आमच्याकडे नवव्या महिन्यात बाई धुणे धुते त्याचे कोणाला आश्चर्य वाटत नाही. ती बुद्धिबळ खेळली याचे मात्र वाटते. मलाही वाटले, हे येथे नमूद करते.

आता पुन्हा दिव्याकडे. ती अचानक उगवली असे जे लिहिले गेले ते बरोबर नाही. २०१२ साली सात वर्षांखालच्या मुलींत ती राष्ट्रीय विजेती होती. २०१४ साली दक्षिण आफ्रिकेत दर्बानला दहा वर्षांखालची जगज्जेती, २०१७ साली ब्राझीलमध्ये बारा वर्षांखालची. २०२२ साली महिलांची राष्ट्रीय विजेती, २०२३ साली अल्माटीला आशियाई विजेती. २०२४ साली गांधीनगरला वीस वर्षांखालची जगज्जेती, अकरापैकी दहा गुण घेऊन. आणि त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाला सुवर्णपदक मिळाले तेव्हा तिसऱ्या पटावर तिने स्वतःचेही सुवर्ण मिळवले. ही यादी मी मुद्दाम एका दमात लिहिली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तेरा वर्षे आहेत. तेरा वर्षे एका मुलीला कोणीतरी बसू दिले.

कोणी बसू दिले? नागपूरचे प्रशिक्षक राहुल जोशी तिचे पहिले गुरू. आपण ग्रँडमास्टर व्हावे अशी त्यांची फार इच्छा होती, असे तिने विश्वचषक जिंकून परतल्यावर सांगितले. ते पाहायला ते राहिले नव्हते, २०२० सालीच गेले. आणि तिची आई. शेवटचा डाव संपल्यावर दिव्या उठली, आईला मिठी मारली आणि रडली; ते चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. बहुतेकांनी त्यात मुलीचे अश्रू पाहिले. मी आईकडे पाहत होते. डॉक्टर असलेली बाई, हजारो मैलांवर एका सभागृहात, दुसऱ्या कोणाच्या तरी बसण्याची राखण करत उभी. माझी माय मला बसू देत नाही आणि दिव्याची आई तिच्यासाठी उभी राहते. या दोन आयांत माया कमी-जास्त नाही, फरक आहे तो एवढाच की एकीला स्वतःला कधीतरी पुस्तक उघडून बसायला मिळाले होते. ज्यांच्या घरात शिकणारी मी पहिलीच, त्यांना हे लवकर कळते.

आणि बसायला मिळाले तरी संपले का? २०२४ च्या जानेवारीत हॉलंडमध्ये वाईक आन झे येथील नामांकित स्पर्धेत दिव्या खेळली. परतल्यावर तिने जाहीरपणे लिहिले की प्रेक्षक तिच्या चालींविषयी बोलत नाहीत. तिचे कपडे, केस, बोलण्याची ढब यांविषयी बोलतात. पुरुष खेळाडूंच्या बाबतीत असे होत नाही. अठरा वर्षांच्या मुलीने हे लिहिल्यावर काहींनी तिला उपदेश केला की खेळाकडे लक्ष दे. म्हणजे पाहणाऱ्याने खेळाकडे पाहायचे नाही आणि पाहिली जाणारीने मात्र खेळातून मान वर करायची नाही! आमच्या गावात पाराजवळून जाताना पारावरचे आठ सल्लागार काय पाहतात ते मैत्रिणींना सांगायला नको. वाईक आन झे फार दूर आहे असे मला तरी वाटले नाही.

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. बुद्धिबळात ताकद लागत नाही, मग बायकांच्या स्पर्धा वेगळ्या कशाला? त्यांच्या पदव्या वेगळ्या आणि सोप्या कशाला? नेहमीच्या वाटेने ग्रँडमास्टर व्हायला २५०० गुणांकन लागते, महिला ग्रँडमास्टर व्हायला २३०० पुरते. यूदित पोल्गार तर म्हणते की हे वेगळेपण मुलींना खालीच ठेवते, आणि महिलांच्या जगज्जेतेपदासाठी ती स्वतः कधी खेळलीच नाही. तिचा अधिकार मोठा आहे, पण तिला बैठक घरातच मिळाली होती. पार बंद असताना मुलींचा कोपराही बंद करायचा म्हटले तर मुलगी बसेल कुठे? ज्या जॉर्जियात दिव्या जिंकली तिथलेच उदाहरण आहे. १९६२ ते १९९१ महिलांचे जगज्जेतेपद जॉर्जियातच राहिले, आधी नोना गाप्रिंदाश्विलीकडे, मग माया चिबुर्दानिद्झेकडे. आणि १९७८ साली ग्रँडमास्टर किताब मिळवणारी जगातली पहिली स्त्री नोनाच. त्या देशात पूर्वी मुलीला लग्नात बुद्धिबळाचा पट देत असत, असे सांगतात. आमच्याकडे कपाट देतात, कूलर देतात. वेगळ्या स्पर्धा राहू द्याव्यात, पण त्यांच्या दाराला बाहेरून कडी नसावी, एवढेच माझे मत. विश्वचषक जिंकल्यावर दोन महिने उलटायच्या आत दिव्या समरकंदला सर्वांसाठी खुल्या असलेल्या गटात खेळली आणि जगज्जेत्या गुकेशशी तिने बरोबरी केली. रोहिणींना त्यासाठी कोर्टात जावे लागले होते, दिव्याला निमंत्रण आले. मध्ये एकोणपन्नास वर्षे गेली. वेग फार आहे असे म्हणवत नाही, पण प्यादे मागे जात नाही हेही खरे.

आता थोडे कडू. विश्वचषकानंतर राज्य सरकारने दिव्याचा सत्कार केला, तीन कोटी रुपये दिले. तिचे ते हक्काचेच, त्यावर डोळा ठेवणारी मी नव्हे. चौकाचौकांत फलक लागले, त्यांवर दिव्याचा फोटो लहान आणि शुभेच्छुकांचे मोठे होते. ही आपली जुनीच रीत आहे. मला विचारायचे आहे ते असे की हार जिंकल्यावर गळ्यात पडतो, जिंकण्याच्या आधीची तेरा वर्षे कोणाच्या खात्यावर? डॉक्टर आईवडिलांच्या खात्यावर ती निघाली. ज्यांचे वडील पाळीवर जातात आणि आई चार घरची कामे करते, त्यांनी कुठे मागायची? तीन कोटी नकोत. एक खोली, एक पट आणि तास-दोन तास, ज्यांत "नळ आले, उठ" म्हणणारे कोणी नसेल. घराला आम्ही मुली कंटाळलो आहोत असे नाही. पण पटावरच्या चौसष्ट घरांत शिरायचे तर हे पासष्टावे घर काही काळ सोडावे लागते, आणि तेवढ्यापुरती तरी जायला दुसरी जागा लागते.

म्हणून आपल्याच महाविद्यालयाविषयी एक सुचवते. वार्षिक क्रीडास्पर्धांत मुलींचे बुद्धिबळ असते खरे, पण ते एका दुपारी उरकतात. नावे दोन-चार आली की अंतिम फेरी आणि प्रमाणपत्र. वर्षभर पट क्रीडा विभागाच्या कपाटात कुलूपबंद. बुधवारी आणि शनिवारी शेवटच्या तासानंतर मुलींची खोली रिकामी असते, आणि बुटीबोरीकडच्या पुढल्या गाडीला त्यानंतर दीड तास असतो. ती वेळ घरच्यांच्या हिशेबात अगोदरच 'कॉलेजची' म्हणून धरलेली आहे. त्यासाठी कोणाची नवी परवानगी काढावी लागत नाही, हे फार महत्त्वाचे. एक पट माझ्याकडे आहे, पुठ्ठ्याचा, त्यातला एक उंट हरवल्यामुळे तिथे मी शाईच्या बाटलीचे टोपण ठेवते. दुसरा पट क्रीडा विभागाने कपाटातून काढून द्यावा. घड्याळ महाग असते, ते पुढे पाहू. सुरुवातीला मोबाईलवर भागेल. खेळ न येणाऱ्या मुलींनीही यावे, चाली एका दुपारी शिकवता येतात. नावे माझ्याकडे द्यावीत, द्वितीय वर्ष कला. आत्तापर्यंत पाच जमली आहेत, आणखी तीन मिळाल्या तर चार जोड्या होतील.